दोन रातोल्ट, एक कान

एंगिलमारचे कान जन्मापासूनच मोठे होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या एर्लबाखमध्ये अजूनही काही दीडशहाणे म्हणतात की काउंटच्या घराण्यानं ओढून ओढून ते लांबवले. साफ खोटं. तो जन्मला तेव्हा सुईण म्हणे आधी कानच बघत बसली, आणि मुलगा आहे की मुलगी हे बघायचं तिला नंतर सुचलं. ओढण्यानं फार तर लाली चढली असेल. लांबी देवाचीच.

आता ओढायचे कशाला, असं विचारणारेही निघतील. अहो, जमीन दिली, कुरण दिलं, मुलगी दिली, तर दिली हे उद्या कोण सांगणार? पाद्रीबाबा चामड्यावर लिहून ठेवतात, पण लिहिणारे तेच आणि वाचणारेही तेच. उद्या त्यांनी कुरणाच्या जागी डुक्कर वाचलं तर आपण कोणाच्या तोंडाकडे बघायचं? म्हणून आमच्या बवेरियात खरा दस्तऐवज म्हणजे माणसाचा कान. चार स्वतंत्र, कोणाची गुलाम नसलेली माणसं बोलवायची आणि देणाऱ्यानं एकेकाचा कान धरून असा कचकन ओढायचा की डोळ्यांत टचकन पाणी आलं पाहिजे. दुखलेलं माणूस विसरत नाही. मात्र साक्षीदारानं टोपी काढून कान आपणहून पुढे करायला हवा. जबरदस्तीनं ओढलेल्या कानाची साक्ष धरत नाहीत, ती नुसती मारामारी.

एंगिलमारचा धंदा मधाचा. गावाच्या वर लिंडनचं रान आहे, तिथल्या जुन्या झाडांच्या खोडात उंचावर ढोली कोरून त्याच्या आजानं मधमाश्या वसवल्या. बापानं त्या वाढवल्या, आणि एंगिलमारच्या हातात आल्या तेव्हा साठ ढोली होत्या. प्रत्येक झाडावर बापाच्या कुऱ्हाडीची खूण. एंगिलमार दोर कमरेला बांधून वर चढायचा, धूर द्यायचा, माश्यांशी दोन शब्द बोलायचा आणि त्यांना पुरेल एवढं ठेवून बाकीचा मध काढायचा. रान काउंटचं, माश्या याच्या, आणि मधाचा चौथा हिस्सा गढीवर. तीन पिढ्या कोणाची कुरकुर नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी त्याचा कान पहिल्यांदा ओढला गेला. काउंट रातोल्टचं एलनपुर्गबाईंशी लग्न झालं, आणि रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं बायकोला भेट द्यायची होती. काउंटनं नदीकाठचं कुरण दिलं. पण रात्रभर मधाची दारू ढोसलेली, त्याला धड उभंही राहवेना. आधारासाठी त्यानं जो एंगिलमारचा कान पकडला तो भेटीचा सगळा मजकूर संपेपर्यंत सोडलाच नाही. परिणाम असा झाला की बाकीच्या तिघांना नुसतं कुरण आठवायचं आणि एंगिलमारला कुरणाच्या चारी हद्दी, त्यावरची सात झाडं आणि काउंटला मध्ये दोनदा आलेली उचकीसुद्धा. तेव्हापासून गढीवर काहीही असलं की पहिली हाक यालाच. 'त्या कान्याला बोलवा.'

हिमिलट्रूड त्याच्याशी लग्नाला तयार झाली तीही कानांकडे बघून. ज्याला देवानं एवढे कान दिलेत तो बायकोचं ऐकून तरी घेईल, असा तिचा हिशोब होता. तिथे ती फसली. ऐकायचा सगळं, करायचा आपलंच. पण माणूस खोटं बोलत नव्हता, आणि घरात मध कधी कमी पडत नव्हता, म्हणून तिनं निभावून नेलं.

आता काउंटच्या मुलांचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. या घराण्यात थोरल्या मुलाचं नाव रातोल्ट ठेवायचं, बापाचं रातोल्ट, आजाचं रातोल्ट. एलनपुर्गबाईंना पहिला मुलगा झाला तो एवढासा, निळा पडलेला. त्याचं नाव घाईघाईनं रातोल्ट ठेवलं आणि दूधआईकडे डोंगरापलीकडे पाठवलं. हिवाळ्यात घाट बंद झाला. वसंतात कोणीतरी निरोप आणला, रातोल्ट गेला. रडारड झाली, घंटा वाजली. तेवढ्यात दुसरा मुलगा झाला, चांगला गलेलठ्ठ, आणि नाव वाया जायला नको म्हणून त्याचंही रातोल्ट ठेवलं. बाप्तिस्मा झाला, जेवणावळ उठली, आणि तिसऱ्या दिवशी दूधआई दारात हजर, कडेवर पहिला रातोल्ट, गालावर लाळ. मेला होता तो दूधआईचा बैल. त्याचंही नाव तिनं मालकांच्या मानाखातर रातोल्टच ठेवलेलं.

पाद्रीबाबांना विचारलं, बदलता येईल का. ते म्हणाले, बाप्तिस्म्याचं पाणी काही पुसता येत नाही. झालं. तेव्हापासून थोरला तो मेलेला रातोल्ट आणि धाकटा तो जिवंत रातोल्ट. यात कोणाला वाईट वाटत नसे. आईसुद्धा खिडकीतून ओरडायची, 'मेलेल्याला सांगा, जेवण थंड होतंय.'

आणि स्वभावही असे की नावं शोभावीत. मेलेला रातोल्ट दिवसभर लिंडनखाली पाठीवर पडून माश्यांचा आवाज ऐकायचा आणि पोळ्याचा तुकडा चघळायचा. जिवंत रातोल्टच्या अंगाला बसलं की मुंग्या यायच्या. त्यानं विहीर हलवली, पाणी गेलं. त्यानं माशांचं तळं खणलं, ते चर्चमध्ये शिरलं. दोन्ही वेळा तो म्हणाला की कल्पना उत्तम होती, जमीन खराब निघाली.

म्हाताऱ्या काउंटला एकदा ईल मासे खाऊन पोटात असा गोळा उठला की त्यानं वाटणीच करून टाकली. पाद्रीबाबांनी लिहिलं, आणि काय लिहिलं तर 'लिंडनचं रान माझा मुलगा रातोल्ट याला आणि पाणगिरणी माझा मुलगा रातोल्ट याला.' चौघांचे कान ओढले. गोळा उतरला, म्हातारा त्यानंतर नऊ वर्षं जगला आणि पुन्हा ईल खाऊनच गेला. तोवर ते पाद्रीबाबाही गेले होते आणि चौघांपैकी दोघंही. उरला ओत्सी, तो ठार बहिरा झालेला, आणि एंगिलमार.

जिवंत रातोल्टला रान हवं होतं. वरच्या बाजूला मिठाच्या विहिरी आहेत. तिथे खारं पाणी मोठमोठ्या कढयांत आटवतात, आणि त्या चुली जंगलंच्या जंगलं खातात. तिथल्या व्यापाऱ्याशी त्याचं बोलणंही झालं होतं. सगळं रान, मुळापासून, एका हिवाळ्यात. मेलेल्या रातोल्टलाही रानच हवं होतं, झोपायला. पाणगिरणी कोणालाच नको होती, तिचं चाक कुथल्यासारखं ओरडायचं. ड्यूकनं न्यायाधीश पाठवला, दिवस ठरला, आणि रान कोणाचं हे आता एकट्या एंगिलमारच्या तोंडून निघायचं होतं.

आणि एंगिलमारला अगदी स्वच्छ आठवत होतं. म्हाताऱ्यानं रान जिवंतालाच दिलं होतं.

न्यायसभेच्या सकाळी त्याच्या पुढ्यातली जवाची लापशी तशीच राहिली. हिमिलट्रूड समोर बसली.

"अहो, आठवत नाही म्हणा," ती म्हणाली. "साठीच्या वर वय झालंय. या वयात माणसं बायकोचं नाव विसरतात."

"मी विसरत नाही."

"तेच तर. एकदा विसरा. माझ्यासाठी नको, माश्यांसाठी विसरा. किंवा सरळ मेलेल्याचं नाव घ्या. कोण तुमच्या कानात डोकावून बघणार आहे?"

"हिमे, बारा वेळा कान ओढलाय माझा. अकरा वेळा विचारलं, अकराही वेळा झालं तेच सांगितलं. बाराव्या वेळी खोटं कसं बोलू?"

"तोंडानं. आणि मग खायचं काय आपण, कान?"

तेवढ्यात दारात मेलेला रातोल्ट आला. त्याचे केस गवतानं भरले होते. त्याला आत बोलवलं तर तो आधी लापशीकडे बघत राहिला, आणि एंगिलमारनं वाटी सरकवली तशी शांतपणे खाऊ लागला.

"एंगिल्या, तुला सांगायला आलो," तो तोंडातला घास गिळत म्हणाला, "मला काही आठवत नाही. बाबा वाटणी करत होते तेव्हा मी मागे जर्दाळूचा मुरांबा खात होतो. तू म्हणशील ते मी मान्य करीन. तुझ्यावर रागवायचं म्हटलं तरी मला जमायचं नाही, उठून बसावं लागतं त्याला."

तो गेला आणि एंगिलमारला आणखीच जड झालं. धमकी दिली असती तर माणूस ताठ तरी झाला असता. तो रानात गेला. लिंडन ऐन फुलात होतं, वरून नुसता घोंघाट चालला होता. बापाची खूण असलेल्या एका झाडाला त्यानं हात लावला, आणि ठरवलं की आज एकदा खोटं बोलायचं. मेलेल्या रातोल्टला रान, बस्स. पाप लागलं तर लागू दे, मेणबत्तीचं मेण आपणच देतो चर्चला, देव थोडी सूट देईल. असं मनाशी घोकत तो सभेला गेला.

सभा गावच्या माळावर भरली होती. सगळी स्वतंत्र माणसं टोप्या घालून उभी, मध्ये न्यायाधीश, शेजारी शपथेसाठी संताच्या दाताची पेटी घेऊन नवे पाद्रीबाबा. एलनपुर्गबाई खुर्चीत. न्यायाधीशानं चामडं वाचलं, थांबला, उलटं करून बघितलं आणि पुन्हा वाचलं.

"रातोल्टला रान आणि रातोल्टला गिरणी. मग भांडण कशाचं आहे? दोन्ही त्यालाच दिलंय की."

"दोन आहेत," लोक म्हणाले.

न्यायाधीशानं दोघा भावांकडे बघितलं आणि मग बाईंकडे. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? बैलाचा दोष आहे." न्यायाधीशानं तो विषय सोडला.

आधी ओत्सीला पुढे आणलं. "रान कोणाला दिलं?" असं न्यायाधीशानं तीनदा ओरडून विचारलं. ओत्सी म्हणाला, यंदा सलगमाला कीड लागली. त्याचा हात धरून त्याला परत जागेवर उभं केलं.

मग एंगिलमार. त्यानं टोपी काढली, पेटीवर हात ठेवला आणि मेलेल्या रातोल्टचं नाव घ्यायला तोंड उघडलं. आणि काय सांगू, त्याचा डावा कान तापला. आतून, नऊ वर्षांपूर्वीच्या चिमटीनं. म्हाताऱ्याचा आवाज, ईलचा वास, सगळं एकदम आलं आणि जीभ आपली आपणच चालायला लागली.

"धनी पोट धरून बसले होते," तो म्हणाला. "म्हणाले, रान जिवंताला द्या, तो काहीतरी करील. गिरणी मेलेल्याला द्या, पीठ पडताना बघत बसेल. मग कळ आली, मग एक शिवी दिली, ती इथे सांगत नाही. मग माझा कान ओढला."

"मेलेल्याला?" न्यायाधीश म्हणाला. "मेलेल्या माणसाला गिरणी देता येत नाही."

"ते काय, तिथे उभे आहेत."

मेलेल्या रातोल्टनं हात वर केला. न्यायाधीशानं डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग त्यानं निकाल दिला. रान जिवंत रातोल्टचं.

एंगिलमार टोपी हातात घेऊन तिथेच उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि ते त्यानं लपवलंही नाही. साठ ढोली, बापाच्या खुणा, आजाचे कष्ट, सगळं त्यानं स्वतःच्या जिभेनं दुसऱ्याच्या पदरात टाकलं होतं. मागे हिमिलट्रूडनं पाठ फिरवली आणि ती घराकडे निघाली. ते त्याला जास्तच लागलं.

जिवंत रातोल्टला कुठे धीर. त्यानं मिठाच्या व्यापाऱ्याला आदल्या दिवसापासून बोलावून ठेवलं होतं. तो लगेच पुढे आला.

"सभा भरलेलीच आहे, न्यायाधीश आहेत, व्यवहार इथेच उरकू," रातोल्ट म्हणाला. "हे रान मी यांना तोडायला देतो. पाद्री, लिही."

"लिहिण्याचं राहू द्या," व्यापारी म्हणाला. "तुमच्या घरचं लिहिणं आत्ताच ऐकलं मी. मला कान हवेत. रिवाजाप्रमाणे चार, इथल्याच गावचे. आणि पहिला या म्हाताऱ्याचा. स्वतःच्या पोटावर पाय येत असून खरं बोलला, असा कान मला सगळ्या मुलखात मिळायचा नाही."

"घ्या की," रातोल्ट खूश होऊन म्हणाला. "एंगिल्या, ये रे पुढे. कान कर."

एंगिलमारनं त्याच्याकडे बघितलं. मग हातातली टोपी जमिनीवर टाकली आणि दोन्ही हात दोन्ही कानांवर ठेवले.

"हे काय?" रातोल्ट म्हणाला.

एंगिलमार तसाच उभा. रातोल्ट एक पाऊल पुढे आला तसा न्यायाधीश खाकरला. "जबरदस्ती नको. मग ती नुसती मारामारी होते."

"याच्यावाचून अडलंय थोडंच," रातोल्ट म्हणाला आणि लोहाराकडे वळला. लोहार रानाच्या मधाची दारू पिऊनच वाढलेला. त्यानं हात कानांवर ठेवले. रातोल्ट पाथरवटाकडे वळला. त्यानंही ठेवले. मग ओळीनं सगळेच. कोपरं बाहेर काढून उभे राहिल्यामुळे माळावर जागा पुरेना आणि एकमेकांची कोपरं एकमेकांच्या तोंडात जाऊ लागली. ओत्सीला काय चाललंय ते कळलं नाही, पण सगळे करतायत म्हणजे प्रार्थना असेल असं समजून त्यानंही ठेवले आणि डोळेही मिटले. मेलेला रातोल्ट एव्हाना गवतात आडवा झाला होता, त्यानं झोपल्या झोपल्या ठेवले. एलनपुर्गबाईंची साक्ष कोणी मागत नव्हतं, बाईमाणसाचा कान धरत नाहीत, तरी त्यांनीही हळूच ठेवले.

"हात खाली घ्या," रातोल्ट ओरडला.

"काय म्हणालात, धनी?" लोहार ओरडला. "ऐकू येत नाही."

"हात खाली."

"रात झाली?" पाथरवटानं विचारलं.

असा बराच वेळ गेला. सूर्य डोक्यावर आला. व्यापारी कंटाळून म्हणाला, "हे गाव सुधरू द्या, मग बोलवा," आणि आपल्या घोड्याकडे गेला. न्यायाधीश त्याच्याही आधी गेला. रातोल्ट मात्र हटायला तयार नाही. तो एंगिलमारसमोर मांडी घालून बसला. हात कधीतरी दुखतीलच, म्हाताऱ्याचे आधी. आणि खरंच एंगिलमारचे दंड थरथरायला लागले होते. एक माशी येऊन नाकावर बसली आणि हलवायला हात मोकळा नव्हता.

तेव्हा हिमिलट्रूड गर्दीतून पुढे आली. हातात सकाळचीच वाटी, लापशी नव्यानं भरलेली. तिनं माशी हळूच डोक्याच्या रुमालाच्या टोकानं उडवली, नवऱ्याच्या एका कोपराखाली आपला खांदा लावला आणि त्याला चमच्यानं भरवायला लागली. सगळ्या गावासमोर, काउंटच्या मुलासमोर.

"तोंड उघडा," ती म्हणाली. ते त्याला ऐकू आलं नाही, पण कळलं.

रातोल्ट दोघांकडे बघत राहिला. त्यालाही भूक लागली होती, आणि त्याला भरवणारं तिथे कोणी नव्हतं. शेवटी तो उठून एंगिलमारच्या अगदी जवळ आला आणि खाणाखुणा करत म्हणाला, "खरं सांग म्हाताऱ्या. रान माझं आहे की नाही?"

"तुमचंच आहे, धनी," एंगिलमार म्हणाला. "तुमच्या वडिलांनी दिलं. आज सांगितलं, उद्या कोणी विचारलं तर उद्याही सांगेन. झालेलं मी कधी विसरलो नाही. पण हे अजून झालेलं नाही. आणि हे मला आठवायचं नाही."

कान झाकलेल्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही. हे तो एवढ्या मोठ्यानं बोलला की ओत्सीनंसुद्धा डोळे उघडले. जिवंत रातोल्ट घराच्या वाटेला लागला. एंगिलमारनं हात काढले नाहीत, आणि हिमिलट्रूडनं पुढचा चमचा भरला.